‘बी पेरा’ म्हणणाऱ्या प्रचारकाला आपले व्यासपीठ देऊ नका

प्रति,
शहरातील सर्व ख्रिस्ती मंडळ्यांचे (चर्चचे) पाळक, पंच आणि संयुक्त सभा समितीचे पदाधिकारी यांस,

प्रभूच्या नावाने सलाम.

गेल्या रविवारी उपासनेनंतर सूचना वाचल्या गेल्या, तेव्हा समितीचा निर्णय आम्हा सभासदांना कळला. उन्हाळ्याच्या सुटीत शाळेच्या मैदानावर तीन संध्याकाळ संजीवन सभा भरणार आहेत आणि वक्ते म्हणून टीव्हीवरचे एक गाजलेले प्रचारक येणार आहेत. प्रत्येक मंडळीने खर्चाचा वाटा उचलायचा, बाकांवर ‘विश्वासाचे बी’ असे छापलेली पाकिटे ठेवायची आणि त्या प्रचारकांच्या संस्थेचा क्यूआर कोड मंडळीच्या फलकावर लावायचा, असेही ठरले आहे.

हा निर्णय मला मान्य नाही. हे पत्र बंद पाकिटात घालून पाळकसाहेबांच्या हाती देता आले असते. उघड लिहिते आहे, कारण ज्यांच्या कनवटीचे पैसे त्या पाकिटांत जाणार आहेत त्यांनी ते वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

मी पिढीजात ख्रिस्ती आहे. आजोबा मिशनच्या शाळेत शिकवत, मीही शिक्षिका म्हणूनच निवृत्त झाले. आमच्या मंडळीतल्या भगिनी मंडळाची खजिनदार आहे. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, देते, आणि द्यावा असे इतरांनाही सांगते. आपल्या मंडळ्या दानावरच उभ्या राहिल्या. हातावर पोट असलेल्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन प्रार्थनामंदिराची कौले घातली, भिंती बांधल्या. कापणीच्या सणाला लिलावात पाच रुपयांचा भोपळा पाचशेला घेणारे गवंडी आणि सफाई कामगार मी पाहिले आहेत. तो भोपळा घेताना देव आपल्याला पन्नास हजार परत करील असा विचार त्यांतल्या कोणाच्या मनात नव्हता. देणे ही उपकारस्तुती होती. म्हणून माझ्या या पत्राला कोणी ‘दानाला विरोध’ असे नाव देऊ नये.

समितीने बोलावलेले प्रचारक पडद्यावर काय सांगतात, ते आपण सर्वांनी ऐकले आहे. अमुक रकमेचे बी पेरा, शंभरपट पीक येईल. कर्ज फिटेल, व्हिसा मिळेल, अडकलेला प्लॉट सुटेल. रक्कम तेच सांगतात, मुदतही तेच सांगतात, आणि खाली नंबर सरकत राहतो. मग साक्षी दाखवतात. ज्याला नोकरी लागली तो पडद्यावर येतो. ज्याने पैसे देऊनही नोकरी लागली नाही, त्याला साक्ष द्यायला कोणी बोलावत नाही.

ही ‘समृद्धीची शिकवण’ आपल्या आजोबा-पणजोबांच्या मंडळीत नव्हती. ती अमेरिकेतून आली आणि तिथे तिने काय केले याची नोंद जगासमोर आहे. ओक्लाहोमातल्या टल्सा शहराचे टीव्ही प्रचारक ओरल रॉबर्ट्स यांनी ‘विश्वासाचे बी’ हा शब्दप्रयोग घरोघर पोचवला. 1987 च्या जानेवारीत त्यांनी टीव्हीवरून सांगितले, की मार्चअखेर 80 लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला बोलावून घेईल. पैसे जमले. त्यांनी 1981 मध्ये उघडलेले ‘सिटी ऑफ फेथ’ हे भव्य रुग्णालय मात्र 1989 मध्ये बंद पडले. त्याच वर्षी दुसरे टीव्ही प्रचारक जिम बेकर यांना फसवणुकीबद्दल 45 वर्षांची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली. हजार डॉलर द्या आणि आमच्या हॉटेलात दरवर्षी सुटी घालवण्याचा आजीवन हक्क मिळवा, असे सांगून त्यांनी हॉटेलात मावतील त्याहून कितीतरी अधिक लोकांकडून पैसे घेतले होते. तुरुंगात त्यांनी पवित्र शास्त्र पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचले आणि नंतर स्वतःच लिहिले, की समृद्धीची आपली शिकवण चुकीची होती. 1991 मध्ये एबीसी वाहिनीने डल्लासच्या रॉबर्ट टिल्टन यांच्यावर शोधवार्ता केली. लोकांनी पैशांसोबत पाठवलेल्या प्रार्थनाविनंत्या पैसे काढून घेऊन कचऱ्यात टाकलेल्या सापडल्या, असे त्या वार्तेत दाखवले गेले. टिल्टन यांनी आरोप नाकारले, पण दोन वर्षांत त्यांचा तो कार्यक्रम बंद झाला.

त्या कचऱ्यातल्या चिठ्ठ्या माझ्या मनातून जात नाहीत. कोणीतरी आजारी लेकराचे नाव लिहिले असेल.

कोणी म्हणेल, हे जुने झाले. तर अलीकडचे पाहा. 2015 मध्ये क्रेफ्लो डॉलर नावाच्या प्रचारकांनी 6.5 कोटी डॉलरच्या विमानासाठी भक्तांकडे हात पसरला. 2018 मध्ये जेसी डुप्लांटिस यांनी 5.4 कोटी डॉलरच्या विमानासाठी तेच केले. त्याआधी 2007 मध्ये अमेरिकेचे सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनी अशा सहा सेवाकार्यांकडे हिशेब मागितला होता. 2011 मध्ये ती चौकशी संपली. सहांपैकी दोघांनीच नीट सहकार्य केले, आणि शिक्षा कोणालाच झाली नाही. तिथल्या कायद्याने चर्चला हिशेबाचे वार्षिक विवरणपत्र सरकारकडे भरावे लागत नाही.

सहकार्य करणाऱ्या दोघांपैकी एक होते बेनी हिन. 2004 मध्ये ते मुंबईत आले होते, तेव्हा आपल्या शहरातूनही गाड्या भरून लोक गेले होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्याच बेनी हिन यांनी 2019 च्या सप्टेंबरात जाहीरपणे सांगितले, की समृद्धीची शिकवण हाताबाहेर गेली आहे आणि शुभवर्तमानाला किंमत लावणे हा पवित्र आत्म्याचा अपमान आहे. 2022 मध्ये क्रेफ्लो डॉलर यांनी दशमांशाबद्दलची आपली जुनी शिकवण बरोबर नव्हती असे प्रवचनातून सांगितले आणि त्या विषयावरची आपली पुस्तके, ध्वनिफिती फेकून द्या म्हणाले. ज्यांनी हे बी जगभर वाटले तेच मागे फिरत असताना, आपण ते आपल्या मैदानात पेरायला का निघालो आहोत, याचे उत्तर समितीने द्यावे.

आता माझ्या तक्रारी लिहिते.

पहिली तक्रार अशी, की ठरावीक रकमेवर ठरावीक परताव्याचे वचन देणे हा आर्थिक व्यवहार झाला. उद्या एखाद्या पतपेढीने शंभरपट परतावा देतो म्हणून ठेवी घेतल्या आणि परत केल्या नाहीत, तर ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात 1999 चा कायदा आहे. तिच्या मालमत्तेवर टाच येते. या ‘बी’साठी मात्र पावतीवर ‘देणगी’ असे छापलेले असते. वचन तोंडी आणि पावती देणगीची, म्हणजे देणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही.

दुसरी तक्रार घरातली आहे आणि ती लिहिताना मला जड जाते.

माझा धाकटा भाऊ कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेला. टेम्पो चालवायचा. मागे भावजय आणि नर्सिंगला जाऊ पाहणारी मुलगी. वारसांना मिळणारे 50,000 रुपयांचे सानुग्रह अनुदान आले, तेव्हा ते मुलीच्या प्रवेशासाठीच ठेवायचे असे आम्ही घरात बसून ठरवले. त्या दिवसांत भावजयीला रात्र रात्र झोप नसे. ती टीव्ही लावून बसायची. पडद्यावर प्रार्थनेसाठी नंबर होता, तिने फोन केला. पलीकडच्या माणसाने आधी तिच्यासाठी प्रार्थना केली, आणि त्या प्रार्थनेने तिला खरोखर धीर आला. मग त्याने विचारले, कर्ज किती आहे, घरात कमावते कोण. मग आले बी. टेम्पोचे कर्ज फिटावे म्हणून एक, मुलीच्या प्रवेशासाठी दुसरे. अनुदान असे गेले. कर्ज काही फिटले नाही. तिने पुन्हा फोन केला, तेव्हा तिला सांगण्यात आले की तुमच्या विश्वासात कुठेतरी गळती आहे, घराण्यावर जुना शाप असावा, तो मोडायला मोठे बी लागेल. तिने हातातल्या बांगड्या पतसंस्थेत गहाण टाकल्या. फायनान्स कंपनीच्या महिला गटातून कर्ज उचलले. वसुलीचा माणूस दारात येऊन उभा राहिला, तेव्हा आम्हाला कळले.

पैशाचे नुकसान आम्ही सगळ्यांनी मिळून भरून काढू. पण ती मला विचारते, “वन्सं, माझ्यात असं काय पाप होतं?” या प्रश्नाला मी काय करू? प्रभुभोजनाच्या रविवारी ती उठून बाहेर जाते, कारण आपण त्या मेजाला लायक नाही असे तिच्या मनाने घेतले आहे. नवरा गेला तेव्हाही तिने देवाशी अबोला धरला नव्हता.

या शिकवणीतली सर्वांत निर्दय गोष्ट मला हीच वाटते. पीक आले तर श्रेय प्रचारकाच्या अभिषेकाला, आणि नाही आले तर दोष पेरणाऱ्याच्या विश्वासाला. प्रचारक कधीच खोटा ठरत नाही आणि गरीब माणूस दर वेळी दोषी ठरतो. आधी पैसे जातात, मग हिंमत जाते, आणि शेवटी देवाने आपल्याला टाकले असे वाटून माणूस मंडळीतूनच उठून जातो. पाळकसाहेब, आपल्या रजिस्टरवरची किती नावे अशी गळाली आहेत, ते एकदा घरोघर जाऊन विचारा. लाजेपोटी लोक आपण होऊन सांगत नाहीत.

तिसरी तक्रार वचनांच्या वापराबद्दल. जुन्या करारातल्या मलाखीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय दर कार्यक्रमात वाचला जातो. आकाशकपाटे उघडण्याचे वचन मोठ्याने वाचतात, पण दशमांश भांडारात का आणायचा, तर मंदिरात अन्न असावे म्हणून, हा भाग घाईत उरकतात. ते अन्न कोणासाठी, हे ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात आहे: लेवी (मंदिराचे सेवक), उपरा, अनाथ आणि विधवा. म्हणजे दशमांशातून विधवेला द्यायचे आहे. योहानाच्या तिसऱ्या पत्रातले दुसरे वचन समृद्धीची हमी म्हणून सांगतात. गायस नावाच्या प्रिय मित्राला लिहिलेल्या पत्राच्या आरंभी केलेली ती क्षेमकुशलाची प्रार्थना आहे. आणि दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, टाकणारी विधवा तर या प्रचारकांची फार लाडकी. मार्कच्या बाराव्या अध्यायात तिच्या गोष्टीच्या अगदी आधी प्रभूने काय म्हटले ते कोणी वाचत नाही. लांबलचक प्रार्थना करून विधवांची घरे खाणाऱ्या शास्त्र्यांना अधिक शिक्षा होईल, असे तो म्हणतो, आणि त्याच्या पाठोपाठ ती विधवा येते.

अलीशा संदेष्ट्याने नामानाला बरे केल्यावर त्याच्याकडून काहीही घेतले नाही. त्याचा चाकर गेहजी मागून धावत गेला आणि खोटे बोलून रुपे व वस्त्रे घेऊन आला. पुढे त्याला कोड लागले, हे रविवारच्या शाळेतली मुलेसुद्धा सांगतील. आपण मुलांना हे शिकवायचे आणि मोठ्यांच्या सभेत देवाच्या कृपेसाठी पाकिटे फिरवायची, हे मला समजत नाही.

चौथी तक्रार हिशेबाची. यरुशलेमातल्या गरीब पवित्र जनांसाठी वर्गणी जमली, तेव्हा पौलाने ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला बंधू सोबत घेतला, आणि का घेतला तेही करिंथकरांस लिहिले: या देणगीबाबत कोणी आपल्यावर बोट ठेवू नये म्हणून. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनालाही अमेरिकेतून पैसे येत. त्यासाठी 1887 मध्ये बोस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनचे वार्षिक अहवाल छापले जात, आणि दहा वर्षांच्या मदतीची मुदत संपल्यावर 1898 मध्ये रमाबाई स्वतः अमेरिकेला जाऊन कामाचा वृत्तांत देऊन आल्या. आपल्या मंडळ्यांचे न्याससुद्धा 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली लेखापरीक्षण करून धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब देतात. भगिनी मंडळाच्या चहाचा खर्चही मी मासिक सभेत वाचून दाखवते. मग ज्यांच्या संस्थेचा क्यूआर कोड आपण फलकावर लावणार आहोत, त्यांचे लेखापरीक्षित हिशेब समितीतल्या एकाने तरी पाहिले आहेत का? वाहिनीवरचा वेळ विकत घ्यावा लागतो आणि तो पैसा प्रेक्षकांच्याच देणग्यांतून येतो, एवढे उघड आहे. बाकी किती पैसा कुठे जातो, हे देणाऱ्याला कळायलाच हवे.

आणखी एक गोष्ट आहे. ती बोलायला आपण कचरतो. ख्रिस्ती लोक आमिष दाखवून धर्मांतर करतात, असा आरोप आपल्यावर सतत होतो. आपले पाळक आणि सुवार्तिक त्यापायी शिवीगाळ सोसतात, प्रार्थनासभा बंद पाडल्या जातात. हा आरोप अन्याय्य आहे असे आपण छातीठोकपणे म्हणतो. पण आपल्याच मैदानावर, ध्वनिक्षेपकावरून, येशूकडे या म्हणजे घर मिळेल, गाडी मिळेल असे कोणी सांगू लागले, तर उद्या आपण काय उत्तर देणार? त्याचा त्रास खेड्यातल्या एकट्या सुवार्तिकाला होईल. प्रचारक तोपर्यंत पुढच्या शहरात गेलेले असतील.

कायद्याचेही लक्षात असू द्या. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे हा त्यात गुन्हा आहे, आणि तो कोणत्याही एका धर्मापुरता नाही. 2021 च्या जानेवारीत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने हनुमान चालिसा यंत्राच्या टीव्हीवरील जाहिराती या कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. तो निर्णय आला तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्याचे स्वागत केले होते. यंत्र विकणाऱ्याला जो न्याय, तोच आशीर्वादाच्या पाकिटाला लागू व्हावा असे मला वाटते. मी पोलिसांत जाणार नाही, घरातले भांडण घरातच मिटावे. पण मंडळीने स्वतःला कायद्याहून खालच्या मापाने मोजू नये.

समितीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला सांगितले, की या प्रचारकांमुळे गर्दी होते, तरुण येतात, आणि त्यांतल्या दहांनी जरी जीवन बदलले तरी सभा सार्थकी लागली. त्यांचा हेतू प्रामाणिक आहे, त्याबद्दल मला शंका नाही. तरुण मंडळीपासून दूर जात आहेत, ही काळजी मलाही आहे. पण नोकरीच्या आशेने आलेला तरुण नोकरी न लागल्यावर कुठे जाईल? 2010 मध्ये केपटाउन येथे जगभरातले इव्हँजेलिकल पुढारी जमले होते. त्यांनी आपल्या जाहीरनाम्यात समृद्धीची शिकवण खोटे शुभवर्तमान म्हणून नाकारली. सुवार्ताप्रसाराची कळकळ त्यांना आपल्यापेक्षा कमी नव्हती.

आमच्या मागण्या अशा आहेत.

या प्रचारकांना दिलेले निमंत्रण मागे घ्यावे. सभा रद्द करू नयेत. आपल्याच मंडळ्यांतले पाळक तीन संध्याकाळ उत्तम बोलू शकतात.

निमंत्रण मागे घेणे समितीला शक्य नसेल, तर ते का, हे सर्व मंडळ्यांपुढे लेखी सांगावे. आणि व्यासपीठावरून पैशाच्या बदल्यात पैसा, नोकरी, व्हिसा किंवा आरोग्य यांचे वचन दिले जाणार नाही, कोणत्याही रकमेचा उच्चार होणार नाही, अशी हमी वक्त्यांकडून सहीनिशी घ्यावी.

पाकिटे आणि क्यूआर कोड कोणत्याही परिस्थितीत मंडळीच्या आवारात नकोत. सभेत अर्पण घ्यायचे असेल, तर ते नेहमीच्या थैलीतून घ्यावे, त्याच रात्री दोन मंडळ्यांच्या खजिनदारांनी मिळून मोजावे, आणि जमाखर्च पुढच्या रविवारी वाचून दाखवावा.

त्या संस्थेची न्यास नोंदणी आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागवून सभासदांना पाहू द्यावेत.

वचनाला भुलून ज्यांनी कर्ज काढून बी दिले, अशा कुटुंबांची माहिती प्रत्येक पाळकाने नाव गुप्त ठेवून घ्यावी. त्यांच्या वतीने समितीने त्या संस्थेकडे पैसे परत मागावेत. गटाच्या कर्जाचे हप्ते थकलेल्यांसाठी मंडळीच्या मदतनिधीतून बिनव्याजी रक्कम द्यावी.

आणि सभांच्या आधी एका रविवारी सर्व मंडळ्यांत एकाच दिवशी हे सांगितले जावे, की ज्यांनी बी पेरले आणि काही उगवले नाही, त्यांच्या विश्वासात काही खोट नव्हती. हे व्यासपीठावरून, पाळकांच्या तोंडून, स्पष्ट शब्दांत यायला हवे. माझ्या सांगण्याने माझ्या भावजयीचे समाधान होत नाही. आपल्या सांगण्याने होईल.

समितीने लेखी उत्तर द्यावे आणि ते सर्व मंडळ्यांत वाचले जावे. तोपर्यंत सभांच्या खर्चासाठी ठरलेला भगिनी मंडळाचा वाटा समितीकडे जमा केला जाणार नाही. तसा ठराव मंडळाच्या बैठकीत झाला असून त्याची प्रत या पत्रासोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,
भगिनी मंडळाची खजिनदार